फोटोओळ लिहिताना: सीमाभागातल्या नव्या वार्ताहरांसाठी

सकाळी साडेसहाला फोन वाजला. पलीकडचा माणूस आवाज चढवून बोलत नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "ताई, आमचा बाप जिता हाय की ओ. तुम्ही कैलासवासी म्हणून लिवलासा."

आदल्या दिवशी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका शाळेत बक्षीस वितरण होतं. बक्षीस फोन करणाऱ्याच्या आजोबांच्या नावाचं, आणि देणारा त्यांचा ऐंशीच्या घरातला मुलगा. प्रसिद्धीपत्रकातलं लांबलचक वाक्य मी दोन ओळींत बसवलं. बसवताना आजोबांच्या नावापुढचं 'कै.' मुलाच्या नावाला चिकटलं. सकाळी दूध घालायला आलेल्या माणसाने दारातच हात जोडले, तेव्हा घरच्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही खुलासा छापला. पण खुलासा किती जण वाचतात? फोटो मात्र सगळा गाव बघतो, आणि फोटो बघितला की नजर आधी खालच्या ओळीवर जाते.

तेव्हापासून मी फोटोओळ बातमीइतक्याच काळजीने लिहीत आले. गावातून फोटो पाठवणाऱ्या वार्ताहराला आणि डेस्कवर नव्याने बसलेल्या उपसंपादकाला उपयोगी पडेल एवढं इथे मांडते.

जवळ काय असावं

- खिशात मावणारी वही आणि पेन. पावसाळ्यात पेन्सिलही ठेवा, ओल्या कागदावर शाई पसरते.
- वेळ आणि तारीख बरोबर लावलेला मोबाईल किंवा कॅमेरा. कॅमेऱ्याची बॅटरी बदलल्यावर तारीख तपासा.
- कार्यक्रमाची निमंत्रण पत्रिका. ती नावांचं लेखन ताडायला घ्या, कोण हजर होतं हे ठरवायला नको.
- तुमच्या भागातल्या गावांच्या नावांची स्वतः तयार केलेली यादी, बुद्रुक-खुर्दसकट.
- कन्नड वाचता येणाऱ्या एखाद्या मित्राचा नंबर, तुम्हाला येत नसेल तर.

१. फोटो काढला की तिथेच नावं घ्या

नंतर फोन करून विचारू, असं म्हटलं की नाव हुकलंच म्हणून समजा. कार्यक्रम संपला की लोक जेवणाच्या पंगतीकडे पांगतात आणि मग संयोजक आठवतील तशी नावं सांगतात. कोपऱ्यात उभी असलेली अंगणवाडी सेविका त्यांना आठवत नाही, आणि ओळीत येतं 'व इतर मान्यवर'.

माझी पद्धत अशी. गटाचा फोटो काढला की लगेच मोबाईलवर व्हिडिओ सुरू करायचा आणि डावीकडून उजवीकडे जात प्रत्येकाला स्वतःचं पूर्ण नाव म्हणायला सांगायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. चेहरा, क्रम आणि उच्चार तिन्ही एकत्र मिळतात. डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, उभ्या असलेल्यांच्या नव्हे. दोन रांगा असतील तर 'बसलेले (डावीकडून)' आणि 'उभे (डावीकडून)' असं वेगवेगळं लिहा. काही मोबाईलमध्ये पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आरशासारखा उलटा साठवला जातो. त्यात फलकावरची अक्षरं उलटी दिसली तर नावांचा क्रमही उलटला आहे हे ओळखा.

पत्रिकेचा सापळा सगळ्यात जुना. पत्रिकेवर आमदारांचं नाव असतं, प्रसिद्धीपत्रक आदल्या रात्रीच टाईप झालेलं असतं आणि त्यात 'आमदार उपस्थित होते' असं आधीच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते आलेच नसतात. फोटोत जो दिसतो तोच ओळीत यावा.

ज्यांच्याकडे पत्रिकाच नसते त्यांची नावं तर आवर्जून घ्या. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारी बाई असो किंवा पुरातून जनावरं बाहेर काढणारा शेतकरी असो, त्यांचं नाव तिथेच विचारलं नाही तर ते कधीच कळत नाही. १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात मजुरांच्या छावणीतल्या एका आईचा फोटो काढला. अमेरिकेतल्या मंदीचं चित्र म्हणून तो जगभर छापला गेला. त्या बाईंचं नाव मात्र लँग यांनी विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांसमोर आलं १९७८ मध्ये. बेचाळीस वर्षं त्या बाई स्वतःचा चेहरा बिननावाने छापलेला बघत होत्या.

२. माणूस जसं म्हणतो तसं नाव लिहा

आपल्याकडे ही गोष्ट नाजूक आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाचं नाव शिधापत्रिकेवर कन्नडमध्ये, बँकेत इंग्रजीत, आणि शेताच्या उताऱ्यावर टाईप करणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं असतं. त्याचं नाव त्याच्या तोंडी आहे तसं छापून येण्याची जागा म्हणजे मराठी पेपर. तिथेही आपण चुकवलं तर त्याने कुठे बघायचं?

चूक बहुतेक वेळा इंग्रजीवरून परत मराठीत आणताना होते. कल्लाप्पाचा कलाप्पा होतो, कित्तूरचं किट्टूर होतं. दुसरी चूक डेस्कवर होते, आणि ती करणाऱ्याला ती सुधारणा वाटते. बाहेरून आलेला एखादा उपसंपादक परशराम खोडून परशुराम करतो, भरमाचा ब्रह्मा करतो. नाव शुद्धलेखनाच्या नियमांत बसत नाही, ते आईबापांनी ठेवलेलं असतं. वार्ताहराने अशा नावापुढे 'असंच आहे' असं कंसात लिहून पाठवावं. मी तसं सांगायला लागल्यापासून आमच्या पानावरच्या निम्म्या तक्रारी थांबल्या.

कन्नड भाषकांच्या नावांनाही हाच नियम. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत, आपल्या लिपीत ते वेगळे दाखवता येत नाहीत, तेव्हा थोडीफार ओढाताण होणारच. पण ळ आणि ल, ण आणि न, एक ल की जोड ल्ल, एवढं तरी विचारून घेता येतं. "निम्म हेसरु एनु?" (तुमचं नाव काय?) एवढं कन्नड प्रत्येक वार्ताहराला यायला हवं. विचारलं की समोरचा माणूस मोकळा होतो, मग गल्लीतलं वातावरण कितीही तापलेलं असो.

'कै.', 'श्रीमती', 'सौ.', 'डॉ.' ही बिरुदं कुणाच्या नावाला लागली आहेत ते दोनदा बघा. माझी चूक तुम्हाला सांगितलीच.

३. गाव आणि पद: महाराष्ट्राची सवय इथे चालत नाही

ओळीची सुरुवात गावाने करायची रीत आहे आणि ती चांगली आहे. पण गाव नेमकं हवं. कंग्राळी लिहून भागत नाही, कंग्राळी बुद्रुक की खुर्द? सुळगा लिहिलं तर हिंडलग्याजवळचं की येळ्ळूरजवळचं? दोन्ही बेळगाव तालुक्यातच आहेत आणि दोन्हीकडे पेपर जातो.

पदांमध्ये नवी मुलं हमखास फसतात, कारण वाचन कोल्हापूर-पुण्याच्या पेपरांचं असतं. कर्नाटकात ग्रामपंचायतीला सरपंच नसतो, अध्यक्ष असतो. ग्रामसेवकाच्या जागी पीडीओ म्हणजे पंचायत विकास अधिकारी असतो. जिल्हा परिषद नाही, जिल्हा पंचायत. पंचायत समिती नाही, तालुका पंचायत. खांबावर चढलेला कर्मचारी महावितरणचा नाही, हेस्कॉमचा. बेळगाव शहराचं पोलीस आयुक्तालय आहे आणि जिल्ह्याच्या बाकीच्या भागासाठी जिल्हा पोलीसप्रमुख, म्हणजे खडेबाजारातल्या फोटोत आणि खानापूरच्या फोटोत साहेबांचं पद वेगळं असणार. मुलीने एसएसएलसीत यश मिळवलं असेल तर एसएसएलसी लिहा, हवं तर कंसात दहावी.

४. पहिलं वाक्य: काय चाललं आहे

पहिल्या वाक्यात कोण, काय करतंय, कुठे आणि कधी, एवढं यावं. मराठीत आपल्याकडे '-ताना' हा फार सोयीचा प्रत्यय आहे. 'उद्घाटन करताना महापौर' म्हटलं की क्षण डोळ्यांसमोर उभा राहतो. पण तोच प्रत्यय घातही करतो.

ही ओळ वाचा: 'गुणवंतांचा सत्कार करताना अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, विद्यार्थी आदी.' यात विद्यार्थीच सत्कार करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसलेत. किंवा ही: 'रस्त्यावर पडलेले झाड हटवताना वाहतूक खोळंबली.' झाड कोण हटवतंय, वाहतूक? '-ताना' लावलं की ते काम करणारा त्याच वाक्यात, त्याच्या लगेच पुढे आला पाहिजे. पुढे कर्ता दुसराच येत असेल तर वाक्य तोडा: 'पडलेले झाड हटवताना वनखात्याचे कर्मचारी. झाड पडल्याने दोन तास वाहतूक खोळंबली.'

'फोटोत दिसत आहेत', 'या प्रसंगाचे टिपलेले छायाचित्र', 'प्रसंगी उपस्थित मान्यवर' हे शब्द जागा खातात आणि सांगत काहीच नाहीत. आणि 'विहंगम दृश्य'. विहंग म्हणजे पक्षी. उंचावरून काढलेल्या, डोळ्यांना सुख देणाऱ्या दृश्याला तो शब्द ठीक आहे. घरात कंबरभर पाणी शिरलेल्या गावाच्या फोटोखाली 'पुराचे विहंगम दृश्य' छापलेलं मी पाहिलंय. त्या गावचा माणूस हे वाचतो, याचं भान ठेवा.

५. दुसरं वाक्य: फोटोत न दिसणारं

फोटोत जे दिसतं ते वाचकाला दिसतंच. 'महिला घागरी घेऊन उभ्या आहेत' हे सांगायला ओळ कशाला? त्या किती वेळ उभ्या आहेत, नळाला किती दिवसांनी पाणी आलं, हे फोटो सांगू शकत नाही. तेच दुसऱ्या वाक्यात यावं.

एक नमुना देते. पावसाळ्यात आमच्याकडे असे फोटो येतातच.

आलेली ओळ: 'चिकोडी : कृष्णा नदीला पूर आल्याने पाण्याखाली गेलेला पूल.'

मी वार्ताहराला परत फोन केला. कोणता पूल? कधीपासून? मग लोक जातात कसे? फोटोच्या कडेला सायकल धरून उभा असलेला मुलगा कोण? मग झालेली ओळ:

'कल्लोळ (ता. चिकोडी) : कृष्णेचे पाणी वाढल्याने कल्लोळ-यडूर पूल मंगळवारी पहाटे पाण्याखाली गेला. पलीकडच्या शाळेत जाण्यासाठी आलेला (पूर्ण नाव), इयत्ता आठवी, पाण्याच्या कडेवरून परतताना. अंकलीमार्गे जायचे तर फेरा पडतो.'

तो मुलगा पहिल्या ओळीत नव्हताच, आणि फोटो खरं तर त्याचाच होता. किती किलोमीटरचा फेरा हे वार्ताहराला सांगता आलं नाही, म्हणून आकडा टाकला नाही. अंदाजाचा आकडा ओळीत कधीच नको. मोर्चाखाली 'हजारोंचा जनसागर' लिहायचा मोह होतो, विशेषतः आपल्या मनातल्या विषयाचा मोर्चा असेल तेव्हा. रुंद रस्त्याचा फोटो असेल तर गर्दी वाचकाला दिसते. नसेल तर शब्दांनी ती वाढत नाही.

फलक, फेटे, झेंडे, घोषणा यांचाही विचार करा. शेतकऱ्यांच्या हातातल्या फलकावर कन्नडमध्ये 'नमगे नीरु बेकु' असेल, तर ओळीत 'आम्हाला पाणी पाहिजे' हा अर्थ द्या. वाचता येत नाही म्हणून फलक तसाच छापू नका. त्यावर काय लिहिलंय ते कळल्याशिवाय फोटो पाठवूच नका.

६. तारीख आणि दिवस

वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, गणपती विसर्जनही दुसऱ्या दिवसात जातं. पहाटे दोनचा फोटो आदल्या रात्रीचा म्हणायचा की आजचा? आम्ही 'रविवारी रात्री निघालेल्या मिरवणुकीत सोमवारी पहाटे' असं लिहितो. थोडं लांबतं, पण वाद होत नाही. 'काल', 'आज' हे शब्द ओळीत नकोतच.

साल नेहमी लिहा, कारण फोटो पुढे पुन्हा वापरला जातो. शिवजयंतीचा फोटो १९ फेब्रुवारीचा की वैशाख शुद्ध द्वितीयेचा, हे नुसत्या फेट्यांवरून कळत नाही. जुन्या फोल्डरमध्ये 'हुतात्मा दिन' एवढीच ओळ असलेले किती तरी फोटो मला सापडले. आपल्याकडे १७ जानेवारी हा १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचा दिवस, आणि १ जून हा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा, हिंडलग्याच्या स्मारकापाशी. तसंच १ नोव्हेंबर, कर्नाटकाचा स्थापनादिन. एकाच शहरात त्या दिवशी काळ्या दिनाची फेरीही निघते आणि राज्योत्सवाची मिरवणूकही. कोणत्या रस्त्यावर, किती वाजता आणि कुणाची, हे तिन्ही लिहा.

दर पावसाळ्यात २०१९ च्या महापुराचे फोटो 'आत्ताचा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. फोटो काढणाऱ्या माणसापर्यंत पोचा, मूळ फाईल मागवा, परवानगी घ्या आणि त्याचं नाव द्या. 'सौजन्य : व्हॉट्सअ‍ॅप' ही ओळख नव्हे, फोटोवर हक्क काढणाऱ्याचा असतो.

७. जिथे नाव लिहायचं नाही

इथे कायदा स्पष्ट आहे. पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम २३ नुसार अत्याचार झालेल्या मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार यांतलं काहीही छापता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांनाही हेच संरक्षण देतं. बलात्कार पीडितेची ओळख उघड केली तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चेहरा धूसर केला म्हणजे झालं असं समजू नका. दोनशे उंबऱ्यांच्या गावात 'अमुक गावातील पीडितेचे वडील, व्यवसायाने गवंडी' एवढं लिहिलं की सगळ्यांना कळतं. घराचं दार, गल्लीचा फलक, शाळेचा गणवेश, सगळं तपासा. शंका असेल तर तो फोटो सोडून द्या.

पोलिसांनी तोंडावर कापड घालून उभे केलेले लोक 'संशयित' असतात. 'चोरटे' ठरवायला न्यायालय आहे.

८. ओळ फाईलच्या आतच ठेवा

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो एकीकडे आणि ओळ दुसऱ्या मेसेजमध्ये पाठवली की रात्री दहाला डेस्कवर चाळीस फोटो आणि चाळीस ओळींची कालवाकालव होते. मोठ्या चुका इथेच होतात. फोटोच्या फाईलमध्ये माहिती भरण्यासाठी आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलेल्या चौकटी असतात: वर्णन, काढणाऱ्याचं नाव, तारीख, गाव. फोटोशॉपमधल्या 'फाईल इन्फो'त किंवा डिजिकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या भरता येतात.

दोन गोष्टी सांभाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती पुसली जाते आणि फोटो बारीक होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. आणि ओळ युनिकोडमध्येच टाईप करा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली ओळ दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हं होऊन बसते आणि शोधायला गेलं तर सापडत नाही. फॉन्ट बदलून घेतलेल्या मजकुरात रफार जागा सोडतात, तेव्हा नावातला 'र्' एकदा नजरेखालून घाला.

९. पान लागल्यावर पुन्हा बघा

ओळ बरोबर असते, आणि पान लावताना जागेसाठी फोटोची उजवी कड कापली जाते. ओळीत सहा नावं, फोटोत पाच माणसं. म्हणून पान सुटण्याआधी प्रिंटवर बोट ठेवून डोकी आणि नावं मोजा. आजही मी बोट ठेवूनच मोजते.

चूक झालीच तर दुरुस्ती छापा, आणि जुन्या फाईलमधली ओळही बदला. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, मग तीच चूक पाच वर्षांनी परत छापली जाते. इवो जिमा बेटावर झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा फेब्रुवारी १९४५ मधला फोटो जगप्रसिद्ध आहे. त्यातल्या सैनिकांच्या नावांची दुरुस्ती अमेरिकेच्या मरीन दलाने २०१६ मध्ये केली, आणि २०१९ मध्ये पुन्हा एकदा. सत्तर वर्षं उलटल्यावरही त्यांना ती करावीशी वाटली.

१०. छापून झाल्यावर

१९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावात टिळकवाडीला भरलं, महात्मा गांधी अध्यक्ष होते. काही वर्षांपूर्वी शहापूरचं एक कुटुंब त्या वेळचा म्हणून जपलेला एक गटफोटो घेऊन आमच्याकडे आलं. पणजोबा त्यात स्वयंसेवक म्हणून उभे आहेत, असं घरात ऐकलेलं. चार रांगा, पन्नासेक चेहरे, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. आजी चष्मा वर करून एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत होती. "हा असेल बघा... नाही, हा." मागचा पुठ्ठा आम्ही उलटून पाहिला, कोरा होता.

महत्त्वाच्या फोटोची एक प्रत काढून घ्या आणि मागे पेन्सिलने लिहा: तारीख, गाव, प्रसंग, डावीकडून नावं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. जमलं तर दुसरी प्रत फोटोतल्या माणसाच्या घरी पोचवा, तिच्याही मागे नावं लिहून.